रस्ता नाही तिथं आबा

"इकडून वाट हाय की," असं आबांना कुणी सांगू नये. सांगितलं की आबा थांबतात, सांगणाऱ्याकडं करुणेनं बघतात आणि बरोब्बर उलट्या दिशेच्या बोरीच्या जाळीत शिरतात. सांगणारा बहुतेक शेरडं राखणारा असतो. म्हातारं कशावरून रुसलं, हे त्याला कळत नाही. तो मला विचारतो. मलाही नीट सांगता येत नाही, कारण तोवर मी बोरीत अर्धा गेलेला असतो.

आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लोकांच्या तोंडी कंट्रोलर. ३४ वर्षं जाळीच्या खिडकीआड बसून त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला वाटेला लावलं. पुण्याची गाडी बार्शी मार्गे, हैदराबादची नळदुर्ग-उमरगा मार्गे, अमुक फलाट, अमुक वेळ. स्वतः मात्र खुर्चीत. समोरच्या भिंतीवर 'रस्ता तिथे एसटी' हे वाक्य रंगवलेलं. आबा म्हणतात, "मास्तर, ते वाक्य अर्धंच हाय. उरलेलं मी रिटायर झाल्यावर वाचलं. रस्ता नाही तिथं एसटी नाही. एसटी नाही तिथं चौकशीची खिडकी नाही. खिडकी नाही तिथं मी."

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून आबांनी रस्त्याशी बोलणं टाकलं. आमच्या कॉलनीत ते फाटकातून येत नाहीत, मेंदीच्या कुंपणातून येतात. कुंपणाला आता आबांच्या मापाचं भोक पडलंय आणि त्यातून कुत्रीही ये-जा करतात, हे आबांना सांगायची कुणाची छाती नाही. लग्नाला गेले की मांडवाच्या मागून, आचाऱ्यांच्या चुलाणांमधून, कांद्याची पोती ओलांडून थेट पंगतीत उगवतात. आक्का, म्हणजे त्यांचं कुटुंब, कपाळाला हात लावून म्हणतात, "वरती गेल्यावर बी ह्यांला दार दिसायचं न्हाई. चित्रगुप्ताच्या मागून जातेत का न्हाई बगा."

या जातीची माणसं सह्याद्रीत असली तर त्यांना मान असतो. तिकडं घाटवाटा आहेत, दोर आहेत, रंगीत सॅका आहेत. कुणी नवी नाळ उतरलं की चार लोक टाळ्या वाजवतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात डोंगर म्हणजे बालाघाट. नकाशावर हे नाव इतक्या पसरट अक्षरांत छापलेलं असतं, की डोंगरापेक्षा अक्षरंच उंच वाटतात. कळसूबाई १६४६ मीटर आहे असं मी एकदा आबांना सांगितलं. आबांनी विचारलं, "वर जायला काय हाय?" म्हटलं, लोखंडी शिड्या आहेत. "मग तो जिना झाला," आबा म्हणाले आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर तिथल्या तिथं रद्द केलं. हातलादेवीच्या डोंगरावर सकाळी अर्धं शहर फिरायला जातं, तो आबांच्या हिशेबी डोंगर नाहीच, गच्ची आहे. धाराशिवची लेणी त्यांना त्यातल्या त्यात मान्य. "दीड हजार वर्षांखाली ही माणसं इथं आली, तवा कुठं होती वाट?" मी म्हटलं, आबा, एवढा कातळ कोरायचा म्हणजे छिन्न्या आल्या, लोहार आला, शे-दोनशे माणसांचं धान्य आलं, वाट असल्याशिवाय कसं? त्या दिवशी आबा घरापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचे नियम कडक. कोयता घ्यायचा नाही. तोडलं की वाट झाली. माणसाचं पाऊल दिसलं की बाजू बदलायची. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात मात्र वाट सोडायची नाही, तिथं वनखात्याचा नियम. जन्मभर शासनाच्या परिपत्रकावर जगलेला माणूस. तिथं ते सगळ्यांबरोबर, माकडांना चुकवत, शहाण्यासारखे देवळापर्यंत जाऊन येतात आणि दिवसभर ताप आल्यासारखे बसून राहतात.

एकच सवलत ठेवलीय: शेळीची वाट चालते. आमच्या जिल्ह्याची शेळी म्हणजे काळीभोर, लांब कानांची उस्मानाबादी. २०२३ साली जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, शेळीचं नाही झालं. तिला तसंही कुठल्या पाटीवर चालायची सवय नाही, म्हणूनच आबांचा तिच्यावर जीव. अडचण एवढीच, की शेळीच्या वाटेला लांबी असते, रुंदी असते, उंची नसते. घाणेरीच्या जाळीतून आत शिरणारी सुरेख मळलेली पाऊलवाट दिसते, आपण हरखून चार पावलं टाकतो आणि पाचव्या पावलाला ती वाट दोन फुटी बोगदा होते. मग ६३ वर्षांचा माजी वाहतूक नियंत्रक आणि ५१ वर्षांचा मराठीचा मास्तर गुडघ्यांवर येतात. समोरून खरी शेळी आली तर मागं कुणी जायचं, हा प्रश्न एकदा उद्भवला होता. आम्ही गेलो.

आता त्या डोंगराचं सांगतो. नाव सांगत नाही, तशी मला शपथ आहे. आबांच्या मते नाव छापून आलं की महिनाभरात तिथं वाट पडते आणि वर्षात रसवंती. धाराशिवच्या पश्चिमेला, बार्शीकडच्या अंगाला आहे, एवढं पुरे.

डोंगर आबांनी नकाशात शोधला. भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,००० प्रमाणाचा. त्यावर पायवाट तुटक रेघेनं दाखवतात. आबांनी भिंग लावून सगळा कडा पालथा घातला आणि एके ठिकाणी बोट ठेवलं: खालपासून वरपर्यंत एकही तुटक रेघ नाही. समोच्च रेषा एकीला एक चिकटलेल्या, आणि सगळ्यात वरच्या रेषेच्या आत काहीच नाही. कोरं. "बघा मास्तर," आबा दबक्या आवाजात म्हणाले, "आत सर्वेवाला बी गेला नाही." मी मराठी शिकवतो, समोच्च रेषा हा माझा प्रांत नव्हे. नकाशात रेषा नसल्या की जमीन सपाट असते, हे शेजारच्या भूगोलाच्या सरांना विचारलं असतं तर त्यांनी चहा न पिता सांगितलं असतं. शिवाय आमच्याकडची होती झेरॉक्स, काळी-पांढरी. मूळ नकाशात शेतजमीन पिवळ्या रंगात दाखवतात, हेही नंतर कळलं.

दिवस ठरला ११ जानेवारी २०२४, गुरुवार. वेळा अमावस्या. ज्यांना ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी: त्या दिवशी लातूर-धाराशिव पट्ट्यातली गावं ओस पडतात. दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, कुलपं आणि कुत्री तेवढी मागं. ज्याला रान आहे तो रानात, ज्याला नाही तो शेजाऱ्याच्या रानात. कडब्याची कोप उभारायची, आत पाच पांडव मांडून पुजायचे, आंबील शेतात शिंपडायची आणि मग दिसेल त्या माणसाला धरून जेवायला घालायचं. आबांचा हिशेब साधा होता. "सगळा जिल्हा रानात. डोंगरात चिटपाखरू नसतंय त्या दिवशी." रान या शब्दाचे आमच्याकडं दोन अर्थ आहेत, शेत आणि जंगल. मराठीचा मास्तर म्हणून हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्या वेळी आक्कांनी दिलेले धपाटे मोजत होतो.

आक्का माहेरच्या रानात निघाल्या होत्या. "आख्खं गाव भज्जी खाणार आन् तुमी दोघं काटे," असं म्हणून त्यांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात आपटली.

फाट्यापर्यंत एसटीनं गेलो. आबा गाडीत डोळे मिटून बसतात, सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखे, ओळखीच्या कंडक्टरनं "कुठं जाऊलालाव आबा?" विचारलं तरी फक्त हात हलवतात. उतरलो साडेसातला. आबांच्या गळ्यात जुनी शिट्टी, अंगात नोकरीतली खाकी. शिट्टी वाजली. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," आबा डोंगराकडं तोंड करून म्हणाले, "साडेसातची माथा गाडी सुटत आहे."

पहिला अर्धा तास कुसळात गेला. जानेवारीत बालाघाटाचं गवत वाळून सोनेरी होतं आणि कवींना फार आवडतं. कवी लांबून बघतात. त्यातलं एकेक कुसळ म्हणजे शेपटी असलेला भाला. ते पँटीत शिरतं आणि चालण्याच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी स्वतःला आतल्या दिशेनं पिळून घेतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला आबांच्या पाठीवरचं शेत दिसत होतं. मग बोरी. बोरीचे काटे जोडीनं असतात, एक सरळ आणि एक आकडी. सरळ टोचतो, आकडी निघू देत नाही. एका जागी आबांना आठ ठिकाणी धरलं. मी सोडवायला गेलो, मला पाच ठिकाणी धरलं. "ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी" ही म्हण मी वर्गात बरीच वर्षं शिकवली. जोडीनं असतात हे शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकात फक्त म्हण होती. आबा अडकल्या अडकल्या म्हणाले, "साडेसातची गाडी तांत्रिक कारणास्तव वीस मिनिटं उशिरानं धावत आहे."

पुढं कातळ लागला. हा डोंगर एकसारखा चढत नाही. लाव्हाचे थरावर थर साचून दख्खन झालेला. कठीण थराचा उभा कडा, मग मऊ थराचा उतरता टप्पा, पुन्हा कडा, पुन्हा टप्पा. या खडकाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. म्हणजे पायऱ्यांचा तिटकारा असलेला माणूस साडेसहा कोटी वर्षांच्या पायऱ्या चढत होता. ही माहिती मी खिशात ठेवली. तिथं बोलायची सोय नव्हती. प्रत्येक कड्याची कड खालून माथ्यासारखी दिसते. आबा दर वेळी म्हणायचे, "हा शेवटचा." चार वेळा म्हणाले.

तिसऱ्या टप्प्यावर चकवा लागला. घाणेरीतून, गिरिपुष्पाच्या रोपवनातून, शेळीच्या बोगद्यांमधून तासभर सरपटून आम्ही एका हिवराशी आलो, तर त्याच्या काट्यावर एक रुमाल लटकत होता. रुमाल माझाच. लहानपणी आजीनं सांगितलेला चकवा आठवला, माणसाला रात्रभर त्याच शिवारात फिरवतो तो. आबांनी रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "फेरी पूर्ण झाली. आता दुसरी." तिथं बसून धपाटे खाल्ले. खरं सांगतो, त्या धपाट्यांसारखे धपाटे मी आजवर खाल्लेले नाहीत. खाली बार्शीकडचा सगळा मुलूख धुक्यात पसरलेला. एक घोरपड आमच्याकडं बराच वेळ बघत होती. वन्यप्राणी बघावा तशी. आबांच्या गालावर ओरखडा, कानात गवत, आणि चेहरा असा, की चौतीस वर्षांत त्या जाळीमागं तो कुणी पाहिला नसेल. "मास्तर," ते म्हणाले, "ह्या जागेला थांबा नाही."

साडेबाराला शेवटचा कडा. एका खाचेत पाय, एका सालईच्या मुळाला हात. आबा वर गेले. मी खालून विचारलं, "काय दिसतंय?"

उत्तर आलं नाही.

मी डोकं वर काढलं. समोर हरभरा. ढोपराएवढा, हिरवागार, ओळीत पेरलेला. हरभऱ्यापलीकडं ज्वारी, ज्वारीपलीकडं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरजवळ दोन जीप आणि चार मोटारसायकली, कडब्याच्या कोपीभोवती चाळीसेक माणसं, नव्या साड्या, पोरं, धूर, आणि भज्जीचा असा वास, की डोळ्यांत पाणी यावं. बालाघाट! बाला म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख. फारसी आहे शब्द. अर्थ नावातच सांगून ठेवला होता आणि मी भाषेचा मास्तर तो डोंगराच्या कडेला हनुवटी टेकून वाचत होतो.

एक म्हातारी पदर सावरत आली. "कुठून येऊलालाव?"

"खालून," आबा म्हणाले.

"खालून? खाली वाट न्हाई."

"म्हणूनच."

म्हातारीनं आम्हाला पायापासून वरपर्यंत बघितलं. "आवं, डांबरी हाय की. पार कोपीपातूर गाडी येतीया." मग तिचा आवाज एकदम उतरला. "कुणी मागं लागलंय का?"

मालक पुढं आला. त्यानं कड्याकडं बघितलं, आबांच्या खाकीकडं बघितलं, वनखात्याचे असावेत अशा समजुतीनं नमस्कार घातला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर जे बोलला ते बोलायला नको होतं. "त्या अंगानं आमची शेरडं बी जात न्हाईत."

आबा खाली बसले. वाहतूक बंद.

पण वेळा अमावस्येला बांधावर आलेला माणूस उपाशी जात नाही, मग तो कुठल्याही बाजूनं आलेला असो. म्हातारीनं आबांच्या हातात आंबिलीचा तांब्या दिला. भज्जी आली: मेथी, पालक, ओल्या तुरीचे दाणे, वाल, वाटाणे, जे रानात होतं ते सगळं बेसन-चिंचेत शिजलेलं, उंडे आले, खीर आली. आक्का ज्या भज्जीबद्दल सकाळी बोलल्या होत्या ती आबांनी तीन वेळा मागून घेतली. चार पोरं आमच्या पाठीमागं बसून कुसळं उपटत होती आणि मोजत होती. आबांची १४० भरली. माझी ९०च. पोरांच्या मते आबा जिंकले, आणि इथून आबा हळूहळू भानावर यायला लागले.

जेवण झाल्यावर मालक आम्हाला एका बांधावर घेऊन गेला. इकडचं पाणी सीनेला जातं म्हणाला, तिकडचं तेरणेला. म्हणजे पश्चिमेकडचा थेंब सीना-भीमेतून कृष्णेला आणि पूर्वेकडचा तेरणा-मांजरेतून गोदावरीला. आबा बांधावर फेंगडे उभे राहिले, एक पाय कृष्णेच्या खोऱ्यात, एक गोदावरीच्या, आणि तांब्यातल्या पाण्यानं डावा हात इकडं धुतला, उजवा तिकडं. मी म्हटलं, "आबा, शेवटी दोन्ही बंगालच्या उपसागरालाच जाणार."

"जाऊ द्या," आबा म्हणाले. "वेगवेगळ्या मार्गे."

निवृत्तीनंतर हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका-पोरांबरोबर बसून डांबरीनं हायवेपर्यंत आलो. पाच तासांचं अंतर वीस मिनिटांत उलगडलं. आबा पूर्ण वेळ रस्त्याकडं पाठ करून उभे होते. तरीही माझी खात्री आहे की खड्डे मोजत होते, जुनी खोड.

त्याच वर्षी डिसेंबरात येडशीच्या अभयारण्यात वाघ आला. आमच्याकडं वाघ तोवर वाघ्या-मुरळीतच उरला होता. कॅमेऱ्यात हा खरा निघाला, आणि निघाला तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा, साडेचारशे किलोमीटरच्या वर चालून आलेला. पकडायला पथकं आली, पिंजरे आले. वाघ काही हाती लागेना. गावोगाव संध्याकाळची दारं लवकर लागू लागली. आक्कांनी आबांची खाकी धुऊन, इस्त्री करून, ट्रंकेत तळाला ठेवली आणि ट्रंकेवर शिवणयंत्र ठेवलं.

मला वाटलं, आबा चिडतील. एका सकाळी गेलो तर ओसरीवर पेपर पसरून बसलेले. कात्रणांचा गठ्ठा, पट्टी, पेन्सिल. जुन्या वेळापत्रकाच्या कोऱ्या तक्त्यावर त्यांनी वाघाची फेरी लिहायला घेतली होती, बोरूनं लिहावं तशा वळणदार अक्षरात. सुटण्याचे ठिकाण: टिपेश्वर. पोहोचण्याचे ठिकाण: येडशी. मधला 'मार्गे'चा रकाना मोकळा.

"साडेचारशे किलोमीटर," आबा हळू आवाजात म्हणाले, "आन् एका बी फाट्यावर कुणाला विचारलं नाही."

आक्का चहा घेऊन आल्या. त्यांनी तक्ता वाचला. "वाघ असून शेवटी रामलिंगाच्या दारात आला की न्हाई? तुमी कवा येणार माझ्यासंगं, पायऱ्यांनी, सरळ?"

आबांनी चहा ओतून घेतला. बशी फुंकली. मग पेन्सिल उचलून त्या मोकळ्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: विनाथांबा.